नाणेवाले जिथे थांबत नाहीत तिथे खेळणी असतात: अंगणातल्या जुन्या खेळण्यांसाठी मेटल डिटेक्टर कसा वापरावा

अमेरिकेतल्या उपनगरांमधली पुष्कळ घरं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत उभी राहिली. न्यू यॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनचं काम 1947 साली सुरू झालं आणि तोच साचा पुढे पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत उतरला: छोटं घर, मागेपुढे हिरवळ, घरात दोन-तीन मुलं. धातूच्या ओतीव खेळण्यांची चलतीही याच वर्षांतली. मुलं मातीत रस्ते आखून मोटारी चालवायची, जेवायची हाक आली की पळायची, आणि एखादी मोटार तिथेच राहून जायची. मग वरून गवत वाढतं, पानं कुजतात, गांडुळं खालची माती वर आणून टाकतात. मोटार जागची हलत नाही, माती मात्र तिच्या अंगावर चढत जाते. गांडुळांचं हे काम चार्ल्स डार्विनने वर्षानुवर्षं मोजून 1881 मध्ये लोकांसमोर मांडलं होतं. साठ-सत्तर वर्षांनंतर ती मोटार साधारण दोन ते सहा इंचांवर सापडते.

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या गावांत अशा घरांतून आज मराठी कुटुंबंही राहतात. स्वतःच्याच मागच्या अंगणात हे शोधकाम करता येतं. त्यासाठी 200 ते 300 डॉलरचं साधं यंत्र पुरतं. महागडं यंत्र घेऊन घाईघाईने फिरण्यापेक्षा साधं यंत्र घेऊन सावकाश फिरणारा माणूस जास्त खेळणी काढतो.

यंत्राला फक्त धातू कळतो

डिटेक्टरच्या टोकाला जी थाळी असते ती कॉइल. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज वाहते आणि तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे बारीक प्रवाह तयार होतात. त्या प्रवाहांचंही चुंबकीय क्षेत्र असतं, आणि ते दुसरं वेटोळं पकडतं. हा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. तो किती उशिरा आला यावरून पडद्यावरचा आकडा ठरतो. वस्तू जाड, मोठी आणि वीज सहज वाहणारी असेल तर आकडा वर जातो. पातळ, लहान किंवा वीज जेमतेम वाहणारी असेल तर खाली येतो. लोखंड चुंबकाला ओढलं जाणारं असल्याने वेगळं वागतं आणि पट्टीच्या अगदी तळाशी बसतं.

म्हणजे तो आकडा धातूचं नाव सांगत नाही. धातू, जाडी, आकार आणि वस्तू मातीत कशी पडली आहे, या सगळ्याची ती गोळाबेरीज असते. खेळण्यांच्या बाबतीत खरी गोम इथेच आहे.

खेळण्यातल्या मोटारी बहुतेक झमॅकच्या असतात. झमॅक म्हणजे जस्तात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम घातलेला मिश्रधातू. तांब्याच्या मानाने तो साधारण पाव हिश्श्याने वीज वाहतो. आता योगायोग पाहा: 1982 पासून अमेरिकेचा एका सेंटचा सिक्काही 97.5 टक्के जस्ताचा आहे, वरून तांब्याचा नुसता मुलामा. त्यामुळे बऱ्याच मोटारींचा आकडा या सेंटच्या आसपास येतो. नाणी शोधणारे लोक तो आकडा दिसला की ‘झिंक सेंट’ म्हणून पुढे निघतात. शिशाचे शिपाई तांब्याच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याने वीज वाहतात. ते कोल्ड्रिंकच्या डब्याच्या रिंगांच्या शेजारी जाऊन बसतात. आणि टिकल्यांची जुनी पिस्तुलं बिडाची असतात, म्हणून ती खिळ्यांच्या खान्यात पडतात. आकडे बघून चालणारा नाणेवाला ज्या तीन ठिकाणी कान बंद करतो, नेमक्या त्याच तीन ठिकाणी खेळणी असतात. अनेकांनी ‘झाडून काढलेल्या’ अंगणातही खेळणी शिल्लक राहतात ती याच कारणाने.

म्हणून नको ते धातू गाळण्याची सोय, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, शक्य तितकी कमी ठेवा. फक्त बारीक खिळ्यांपुरतं गाळा आणि बाकी सगळं ऐका. बाहेर पडण्यापूर्वी घरातच चाचणी करा: एक झमॅकची मोटार, एक लोखंडी खिळा, एक रिंग आणि एक सेंट लाकडी टेबलावर ठेवून कॉइल चार इंच वरून फिरवा. टेबलाला लोखंडी स्क्रू नाहीत ना, एवढं पाहा. मोटार आडवी, उभी, उलटी करून आकडा लिहून ठेवा. मोटारीचा आकडा एका जागी थांबत नाही, कारण अंग जस्ताचं आणि आस पोलादी. हा डळमळीतपणाच तिची ओळख आहे. नाण्याचा आकडा सहसा स्थिर असतो.

काय टिकतं, काय नाही

पत्र्याची रंगीत छपाईची खेळणी पातळ पोलादाची असत, आणि दमट मातीत त्यांची चाळण होते. सापडलीच तर एखादं चाक, किल्ली किंवा गंजाचा पापुद्रा. शिसं छान टिकतं. झमॅक टिकतो, पण रंग बहुधा जातो. बीड वरून गंजून फुगतं, तरी आत आकार शाबूत असतो. पितळ सगळ्यांत चिवट: माउथ ऑर्गनची लाकडी पट्टी कुजून जाते आणि आतल्या पितळी पात्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा निघतात. चौकोनी, बारीक खाचांची, हिरवट पट्टी हाताला लागली तर ती फेकू नका, ती बाजाच माना. सागरगोट्यांसारखा तिकडचा खेळ म्हणजे जॅक्स. त्याचे सहा टोकांचे धातूचे काटे भरपूर सापडतात. क्रॅकर जॅक या खाऊच्या पाकिटात 1912 पासून बक्षिसं निघू लागली आणि त्यांतली जुनी पुष्कळशी धातूची होती: बिल्ले, शिट्ट्या, चिमुकले प्राणी. चाकांचे बूट घट्ट करायच्या किल्ल्या आणि शेरिफचे पत्र्याचे तारेही नेहमीचे.

काचेच्या गोट्यांना यंत्र दाद देत नाही. पण खड्ड्यातली माती चाळताना त्या डोळ्यांना दिसतात, म्हणून माती नुसती उपसू नका, बोटांनी मोडून बघा.

कुठे फिरायचं

घर कधी बांधलं ते काउंटीच्या मालमत्ता-कर विभागाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतं. 1940 पूर्वीचं घर असेल तर शिसं आणि बीड जास्त, 1950 ते 1970 मधलं असेल तर झमॅक जास्त. 1942 मध्ये अमेरिकी सरकारने खेळण्यांसाठी धातू वापरण्यावर निर्बंध आणले, त्यामुळे युद्धाच्या वर्षांतलं धातूचं खेळणं क्वचितच हाती लागतं.

अंगणात पहिला मान वाळूच्या हौदाच्या जागेला. हौद केव्हाच गेलेला असतो, पण गवताखाली दोन-तीन इंचांवर फिकट वाळूचा थर लागला की समजा जागा सापडली. दुसरी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा पट्टा. लहान मुलांना नजरेसमोर ठेवलं जाई ते तिथे. तिसरी मागच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजू आणि जुन्या मोठ्या झाडाच्या मुळांमधल्या बेचक्या. मुळांमध्ये मुलं गॅरेज करतात, हे कुठल्याही देशात खरं आहे. उतार असेल तर त्याचा पायथा बघा, कारण पावसाचं पाणी हलकी माती आणि गोल चाकांच्या वस्तू खाली नेतं. कुंपणाची कड शेवटी घ्या. तिथे तारांचे तुकडे आणि कुंपणाचे खिळे इतके असतात की कान किटतात.

एक मोटार सापडली की तिच्या भोवतीचा सहा-आठ फुटांचा गोल पुन्हा सावकाश पिंजून काढा. मुलं एकेकटी मोटार घेऊन बाहेर जात नाहीत.

नव्या मालकाने अंगण सपाट करायला बाहेरची माती आणून टाकली असेल तर सगळा हिशोब कोलमडतो. आठ इंच भरावाखाली गेलेल्या मोटारीपर्यंत साध्या यंत्राचा आवाका पोचत नाही. खोदताना पाच इंचांवर प्लास्टिकची बाटली निघाली, तर ती माती अलीकडची आहे असं समजा आणि दुसरीकडे चला.

खणण्याआधीची दोन कामं

घर दुसऱ्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. भाडेकरूचा होकार पुरत नाही. सापडलेलं कोणाचं, हे आधीच ठरवा. फुटपाथ आणि रस्ता यांमधली गवताची पट्टी घरासमोर असली तरी ती बहुधा सार्वजनिक हद्दीत येते, तिथे खणू नका.

दुसरं काम 811 ला फोन. 2007 पासून देशभर चालणारा हा विनामूल्य नंबर आहे. काही दिवसांत कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगीत खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन आणि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. पण बागेच्या फवाऱ्यांचे पाइप आणि कुत्र्यासाठी पुरलेली अदृश्य कुंपणाची तार खाजगी असल्यामुळे ही माणसं त्यांवर खुणा करत नाहीत, आणि नेमक्या याच गोष्टी तीन-चार इंचांवर असतात. सरळ रेषेत लांबच लांब जाणारा सिग्नल म्हणजे पाइप किंवा तार. तिथे खुरपं लावायचं नाही.

फिरवायची पद्धत

मोकळ्या हिरवळीवर 11 इंची कॉइल चालते. घराच्या भिंतीपासून सहा-सात फुटांत मात्र पाच-सहा इंची कॉइल लावा. तिथे कौलांचे, पाट्यांचे खिळे पेरलेले असतात आणि मोठी कॉइल चार खिळे आणि एक शिपाई एकाच वेळी ऐकून गोंधळते.

संवेदनशीलता पूर्ण वर नेण्याचा मोह आवरा. वायफाय, विजेच्या तारा, शेजारच्या सौरपट्ट्या या सगळ्यांचा गोंगाट यंत्र पकडतं आणि उगीच टिवटिव करतं. कॉइल स्थिर धरूनही आवाज येत असेल तर आधी यंत्रातली फ्रीक्वेन्सी किंवा चॅनल बदलून पाहा, मग संवेदनशीलता एकेक पायरी खाली आणा. खेळणी नाण्यापेक्षा मोठी आणि उथळ असल्याने दोन-तीन पायऱ्या कमी केल्याने काही बिघडत नाही.

दोरी लावून चार-चार फुटांचे पट्टे आखा. कॉइल जमिनीपासून अर्धा-एक इंच वर, सपाट फिरवा. नवखे लोक झोपाळ्यासारखे हात फिरवतात: मध्ये कॉइल जमिनीला आणि दोन्ही टोकांना फूटभर वर. टोकांखालचं सगळं हुकतं ते असं. प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा निम्मा भाग झाकला पाहिजे. पट्टे एका दिशेने झाले की काटकोनात पुन्हा घ्या. आडवी पडलेली मोटार एका दिशेने दबक्या आवाजात आणि दुसऱ्या दिशेने स्पष्ट बोलते.

सिग्नल लागला की भोवती फिरून 90 अंशांतून पुन्हा ऐका. एका बाजूने छान वाजून दुसऱ्या बाजूने नाहीसा होतो तो बहुधा वाकडा खिळा. गंजलेला खिळा वरचा आकडा दाखवून फसवतो, त्यावर विश्वास ठेवू नका. चारही बाजूंनी लोखंड म्हणून वाजणारा, हातभर रुंद नसलेला, ठाम आवाज मात्र खणा. टिकल्यांचं बिडाचं पिस्तूल असंच वाजतं. कॉइल फूटभर वर उचलूनही आवाज टिकला तर खाली डबा किंवा पाइप आहे. यंत्रातला खोलीचा आकडा नाण्याच्या मापाने बसवलेला असतो. मोटार मोठी, तिचा सिग्नल जोरकस, म्हणून यंत्र ती आहे त्याहून उथळ दाखवतं. तीन इंच दाखवलं तर पाच धरून चाला.

ढेप काढणं

हिरवळ खराब झाली की मालक पुन्हा दारात उभं करत नाही, आणि त्याचं चुकत नाही. जमीन ओलसर असेल तेव्हाच खणा: तिकडे बर्फ वितळल्यानंतरचा वसंत आणि पानगळीचा मोसम. कडक उन्हाळ्यात मुळं तुटलेली ढेप, म्हणजे गवतासकट कापलेला मातीचा तुकडा, तांबूस पडून मरते आणि आठवड्यात हिरवळीवर ठिपके दिसतात.

बाजूला जुना टॉवेल पसरा. मध्यबिंदूपासून तीन-साडेतीन इंच लांब राहून घोड्याच्या नालासारखी तीन बाजूंनी चीर घ्या, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा. नाणेवाले लहान ढेप काढतात. मोटार तीन इंच लांब असते, तिला मोठी ढेप लागते. पातं सरळ खाली, किमान चार इंच. तिरकं घातलंत तर टोक थेट मोटारीच्या टपावर. शोधताना खेळण्याचा उरलासुरला रंग जातो तो बहुतेक वेळा मालकाच्या मातीमुळे नाही, शोधणाऱ्याच्या खुरप्यामुळे.

ढेप उलटी केली की पिनपॉइंटर, म्हणजे हातातला छोटा डिटेक्टर, आधी ढेपेच्या पोटाला लावा आणि मग खड्ड्याला. तो इंच-दीड इंचावरचं सांगतो. तिथून पुढे धातूचं हत्यार नको. बोटं किंवा लाकडी काडी. निघालेली माती टॉवेलवर. वस्तू निघाल्यावर खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवा, खाली जोडीदार असतो. मग टॉवेलवरची माती आत ओता, ढेप बसवा, पायाने दाबा आणि तांब्याभर पाणी घाला.

हातमोजे सक्तीचे समजा. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरण्यावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांच्या भिंतीलगतच्या, पागोळ्या पडतात त्या पट्ट्यातल्या मातीत त्या रंगाचं शिसं साठलेलं असू शकतं. लहान मुलं मदतीला असतील तर त्यांना या पट्ट्यापासून दूर, मोकळ्या हिरवळीवर ठेवा आणि खाण्यापूर्वी सगळ्यांनी हात साबणाने धुवा.

महाराष्ट्रात हेच करायचं तर

दख्खनच्या काळ्या मातीत आणि कोकण-गोव्याच्या जांभ्यात लोहाची संयुगं भरपूर असतात. स्वस्त यंत्र तिथे मातीलाच धातू समजून ओरडतं. जमिनीशी जुळवून घेण्याची सोय, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, नसेल तर फारसा उपयोग नाही. शिवाय आपली जुनी खेळणी धातूची थोडीच. सावंतवाडीचं लाकूड आणि बैलपोळ्याची माती यंत्राला दिसत नाही, भोवऱ्याची फक्त आर उरते. पितळी भातुकली मात्र खणखणीत वाजेल. आणि कायदा: 1878 चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. वाडा स्वतःचा असला तरीही. संरक्षित स्मारकांच्या आवारात तर यंत्र नेण्याचा विचारही करू नका.

धुताना होणारं नुकसान

पितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून तोच प्रयोग मोटारीवर करू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोणतंही आम्ल जस्ताला खातं आणि वरचा तपशील जातो. झमॅकची मोटार रात्रभर शुद्ध पाण्यात ठेवा, मऊ टूथब्रश आणि दातकोरणी वापरा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. चाकं अडकली असतील तर आसावर गंज सैल करणाऱ्या भेदक तेलाचा एक थेंब सोडून दिवसभर थांबा. जोर लावलात की गंजलेली आस तुटते आणि चाक हातात येतं. 1930 च्या दशकातल्या काही मोटारींच्या झमॅकमध्ये शिशाची भेसळ राहून गेली होती. त्या आतून फुगतात, तडकतात, भुगा होतात. यावर इलाज नाही. अशी मोटार मातीच्या गोळ्यासकट उचला आणि कोरड्या जागी ठेवा.

शिशाच्या शिपायावरची पांढरी पूड विषारी असते. ती कोरडी घासायची नाही, ओल्या ब्रशने काढायची, आणि तो ब्रश पुन्हा कशालाही वापरायचा नाही. शिपाई ओकच्या लाकडी कपाटात ठेवू नका. त्या लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शिशाला पोखरते. मुलांच्या हातात तर मुळीच नको.

बिडाच्या पिस्तुलाला गंज उतरवायला इलेक्ट्रोलिसिस चालतं: प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा वॉशिंग सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार पिस्तुलाला, धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून क्रोमियमचं घातक संयुग पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर. पिस्तुलावर रंग किंवा निकेल शिल्लक असेल तर हा मार्ग सोडा, कारण तेही निघून येतं. झमॅक आणि शिशाला हे अजिबात करायचं नाही. शेवटी पूर्ण वाळवून मेणाचा पातळ हात.

वय कसं ओळखायचं

मोटार उलटी करून उजेड बाजूने तिरपा पाडा, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. टूटसीटॉय ही शिकागोची कंपनी. तिच्या मोटारीच्या आत ‘शिकागो 24’ असं असेल तर ती 1943 ते 1963 मधली समजायला हरकत नाही, कारण त्याच काळात पत्त्यात असे टपाल विभागाचे आकडे चालत. 1963 मध्ये झिप कोड, म्हणजे तिकडचा पिन कोड, आला. मॅचबॉक्स 1953 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. तळाला लेस्नी, म्हणजे ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव, आणि इंग्लंड असेल तर ती मोटार, ही कंपनी बुडाली त्या 1982 च्या आधीची. मोठा, पोकळ शिशाचा शिपाई न्यू जर्सीच्याच बार्कले कंपनीचा असू शकतो. हॉट व्हील्स 1968 पासून. 1977 पर्यंतच्या चाकांवर लाल कडं असे, पण मातीत ते बहुधा पुसलं जातं. तळावर छापलेलं साल मात्र मोटार तयार झाल्याचं नसतं, त्या साच्याच्या हक्काचं असतं. 1969 लिहिलेली मोटार त्यानंतर कितीतरी वर्षांनीही त्याच साच्यातून बाहेर पडलेली असू शकते, म्हणून साल वाचून विकायला धावण्याआधी चाकं बघा.